डोंगराचा वाटा

आमच्या खदाणीतून दगड मोठे निघायला लागले आणि घरात सगळ्यांची तोंडं त्याहून मोठी झाली.

सुरुंग उडाला म्हणजे काम झालं असं खदाणीत नसतं. आवाज काय, दिवाळीतला सुतळी बॉम्बही करतो. दगड किती फुटला ते बघायचं. क्रशरच्या जबड्यात मावेल एवढा फुटला तर सुरुंग चांगला. म्हशीएवढे धोंडे पडले तर पोकलेनला ब्रेकर लावून दिवसभर ठोकत बसा. तिकडे क्रशर उपाशी उभा, डंपरवाले विड्या ओढत बसलेले, आणि माझा मुलगा साईनाथ फोनवर बिल्डरांची बोलणी खातोय. पाऊस संपल्यापासून आमच्याकडे रोज हेच चाललेलं.

खदाण शिळफाट्याच्या रस्त्याला आहे, डोंगराच्या पोटात. माझे सासरे नाथाबाबा आधी मिठागरावर होते, पाय खारट पाण्यात सडले तसे डोंगरावर आले आणि छिन्नी-घणावर ही खदाण उघडली. पुढे माझ्या मालकांनी चालवली. आता साईनाथ चालवतो, म्हणजे सह्या तो करतो. मी चौथीतून शाळा सोडलेली बाई. पण खदाणीच्या कागदावर पहिलं नाव माझं आहे, आणि माझ्या हयातीत ते हलणार नाही हे मी सुनेलाही सांगून ठेवलंय.

सुरुंग लावायचं काम माझ्या धाकट्या भावाचं, महिपतचं. ब्लास्टरचा सरकारी परवाना आहे त्याचा. आमच्यात स्फोटकाला दारूच म्हणतात. त्या दारूच्या कोठाराची किल्ली महिपतच्या करगोट्याला असते, तो आंघोळीलाही ती सोडत नाही. बहिणीच्या सासरी राबणारा भाऊ तसाही मान खाली घालून वावरतो. हा तर जन्माचाच अबोल. त्याच्या वाटचं बोलणं देवाने मला दिलं असावं.

यंदा खदाणीत दोन गोष्टी नव्या आल्या. साईनाथने भोकं पाडायचं मोठं मशीन आणलं. पूर्वी मनगटाएवढी भोकं हातहातभर अंतरावर पाडायचो, हे मशीन तांब्या आत जाईल एवढं भोक पाडतं आणि एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत चांगली खाट मावते. दुसरी नवी गोष्ट म्हणजे दारू. जुन्या कांड्या बंद झाल्या, प्लास्टिकच्या लांब पिशव्यांतली, डालड्यासारखी पांढरी दारू आली. आणि तेव्हापासून हे धोंडे.

साईनाथ म्हणाला, मामाचा हात आता चालत नाही. भोकं नीट भरत नाही तो. नवी मुंबईचा एक ठेकेदार बघून ठेवलाय, त्याची माणसं येत्या सोमवारपासून सुरुंग लावतील. मामाला घरी बसवू, पगार चालू ठेवू.

"म्हणजे पगार चालू आणि नाव बंद," मी म्हटलं. "तुझ्या मामाने या डोंगरात एकाचं बोट जाऊ दिलं नाही आजवर. दगड फुटत नाही तर दारूला विचार. तबेल्यातलं दूध पातळ होतं, मग दारू नाही होत?"

साईनाथ म्हणाला, "आये, कंपनी काय पाणी घालते का दारूत?"

"मोजून घे," मी म्हटलं. "मोजायला मशीन असेल ना काहीतरी. का फक्त मामालाच मोजायचंय?"

मी हट्ट धरला की जेवत नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्याने कंपनीला फोन लावला.

कंपनीने पाठवली एक पोरगी. रुचिता नाव, डोंबिवलीचीच, डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि हातात सुटकेससारखी पेटी. आल्या आल्या मला आजी म्हणाली. मी सांगितलं, आजी मी माझ्या नातवंडांची, तू काकी म्हण. आणि ती पेटी उघड, बघू तुझं मशीन खरं बोलतं का.

तिने न चिडता सगळं समजावलं. भोकात दारूच्या सोबत एक वायर सोडायची. दारू तळातून पेटते आणि पेटत पेटत वर येते, येताना ती वायर खात येते. वायर किती भराभर आखूड झाली ते मशीन टिपतं. त्यावरून दारूचा वेग कळतो. दारू कमअस्सल असेल, ओली असेल, जुनी असेल, तर वेग पडतो. चांगली दारू सेकंदाला चार-साडेचार किलोमीटर धावली पाहिजे म्हणाली. म्हणजे आमच्या कोपर स्टेशनहून सुटली तर मी पदर सावरेपर्यंत डोंबिवली, ठाकुर्ली ओलांडून गेली. मला पटलं. लबाड माणूस आणि पातळ दारू, दोघंही धावायला लावलं की उघडे पडतात.

पण पहिल्या दिवशी काहीच उघडं पडलं नाही. भोकाचं तोंड भुकटीने बुजवताना एक धारदार कपची आत गेली आणि वायर तुटली. सुरुंग उडाला, धूळ बसली, आणि मशीनच्या पडद्यावर नुसती आडवी रेघ. रुचिता ओठ चावत बसली. साईनाथ माझ्याकडे न बघता म्हणाला, सोमवार जवळ आलाय. खाली धोंडे होतेच, नेहमीसारखे. महिपत त्या धोंड्यांमधून फिरत होता, एकेकावर हात ठेवत, जसा वैद्य नाडी बघतो. मी विचारलं, काय दिसतं रे? नुसती मान हलवली. भिंतीशी बोलले असते तर भिंतीने निदान पापुद्रा तरी टाकला असता.

रुचिताने पुन्हा यायचं कबूल केलं. या वेळी वायर जाड पाइपातून सोडते म्हणाली.

ती पुन्हा येणार त्या दिवशी मी सकाळीच खदाणीवर गेले, कारण रांग नवी होती आणि डोंगराचा वाटा मला द्यायचा होता. ही आमची घरची रीत, नाथाबाबांनी घालून दिलेली. सुरुंगाची प्रत्येक रांग पाडली की तिच्यातलं मधलं एक भोक डोंगराचं. त्याला आम्ही फोडून खातो, तर एक घास त्याचा. त्या भोकात दारू घालायची नाही. तांदूळ, हळद-कुंकू, खोबऱ्याचा तुकडा घालायचा आणि वर भुकटी भरून तोंड बंद करायचं. मी असले तर माझ्या हाताने, नसले तर जुना गडी पंढरी करतो. मधलंच भोक का, तर नैवेद्य ताटासमोर ठेवतात, ताटाच्या कडेला नाही. त्या सकाळी तांदूळ टाकताना मी डोंगराला सांगितलंसुद्धा, की बाबा, माझ्या भावाची लाज राख.

रुचिता आली तोवर हे उरकलेलं होतं. ती रांगेच्या शेवटच्या भोकापाशी बसून आपला पाइप आणि वायर सोडत राहिली, महिपत आणि त्याची माणसं बाकीची भोकं भरत आली. शेवटी तिने विचारलं, सगळी भरली? महिपत म्हणाला, भरली. तो खोटं बोलला नाही. पंगतीत किती माणसं जेवली असं विचारलं तर देवापुढचं पान कोण मोजतो? आमच्याकडे डोंगराचं भोक भोकांत धरतच नाहीत.

लाल झेंडे लागले, भोंगा वाजला, सगळे क्रशरमागच्या पत्र्याच्या शेडपर्यंत मागे आलो. बार उडाला. पायाखालची जमीन एकदा ढकलल्यासारखी झाली आणि धूळ वर चढली. महिपत पुढे जाऊन सगळं उडालंय याची खात्री करून आला, तेव्हा कुठे आम्हाला सोडलं. खाली पुन्हा धोंडेच.

मशीनने या वेळी चोख रेघ काढली होती, चढती, सरळ. रुचिताचा चेहरा उजळला. दारू उत्तम होती. जेवढी धावायला हवी तेवढी धावली होती, उलट थोडी जास्तच.

माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, तुझीच दारू, तुझंच मशीन, आणि निकाल देणारी पण तूच. आईने लेकीच्या भाकरीला कधी नाव ठेवलंय का? ती म्हणाली, "काकी, मशीन खोटं बोलत नाही. दारू कमी असती तर मीच सांगितलं असतं. मला काय कमिशन आहे?"

साईनाथ सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "झालं समाधान? आता मामाचंच राहिलं ना?"

हे तो महिपतच्या समोर म्हणाला. सगळ्या गड्यांच्या समोर. महिपत हातातली वायर गुंडाळत होता, तो गुंडाळतच राहिला. मला त्या क्षणी मुलाचा राग आला, मशीनचा आला, पण सगळ्यात जास्त आला भावाचा. अरे, बोल की काहीतरी. तुझ्यावर आळ येतोय आणि तू वायरीचं वेटोळं सरळ करत बसतोस.

खरं तर रुचिताचं काम संपलं होतं. दारू पास झाली, कंपनी सुटली, तिने पेटी उचलून घरी जायला हरकत नव्हती. पण ती ढिगाऱ्याकडे बघत उभी होती. म्हणाली, वेग बरोबर आहे, मग दगड का नाही फुटला हे मला घरी जाऊन झोपू देणार नाही. तिने पेटीतून दोन लाल चेंडू काढले, ढिगाऱ्यावर लांब लांब ठेवले आणि समोरून फोटो काढले. चेंडू केवढा ते माहीत असतं, त्याच्यावरून बाकीच्या दगडांचं माप निघतं. मग शेडमध्ये बसून तिने तो फोटो टॅबवर घेतला आणि मशीनने एकेका दगडाला रंगीत कड काढली. बारीक दगड हिरवे, मोठे लाल.

"हे बघा," ती म्हणाली. डावी बाजू हिरवी. उजवी बाजू हिरवी. आणि मधोमध लालच लाल. मग तिने आमच्या माणसांच्या मोबाइलमधले आधीच्या सुरुंगांचे फोटो मागून घेतले, कारण धोंडे दाखवायला साईनाथ दर वेळी फोटो काढून घेतो. त्यातही तेच. बाजूला बारीक, मध्ये धोंडे.

तिने महिपतला विचारलं, "मामा, मधल्या भोकात काय गडबड होते? दारू पेटवायची टोपी उडत नाही का? मला तर तिथे दारूच नाही असं वाटतंय."

महिपतने मान वर केली. रुचिताकडे नाही, माझ्याकडे बघितलं. निमिषभर. मग पुन्हा खाली. म्हणाला, "भरली सगळी."

ती नजर मी ओळखते. लहानपणी आमच्या घरी मी मडकं फोडलं की बापाच्या समोर तो अशीच नजर माझ्याकडे टाकून गप्प राहायचा.

मी सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, आता खा आणि बोल. खाऊन गप्प बसलास तर भाकरी परत घेईन.

त्याने भाकरी मोडली. मग म्हणाला, "बाय, तुझ्या सासऱ्याचं भोक आहे ते."

 तो अडखळत सांगत गेला. जुन्या मशीनची भोकं जवळ जवळ असायची, मधलं एक रिकामं राहिलं तरी शेजारची दोन तेवढा दगड ओढून न्यायची. आता अंतर वाढलं. मधलं रिकामं राहिलं की तिथे अख्खी खोली होईल एवढा दगड बिनदारूचा उभा राहतो. आजूबाजूचं फुटतं, हा नुसता ढासळतो. त्याला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

"मग फुटलास का नाही तोंडाने?"

"तुझ्या सासरचा देव, बाय. मी माहेरचा माणूस. मी कसा सांगू देवाचा घास काढा म्हणून?"

त्याला कामावरून काढतील, गड्यांसमोर मान जाईल, हे सगळं त्याने गिळलं होतं. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं म्हणे. मला वाटलं त्याच्या पाठीत लाटणं घालावं. इतके महिने मी कंपनीला शिव्या दिल्या, दुधात पाणी घालणाऱ्याच्या पंक्तीत बसवलं, त्या पोरीला दोनदा उन्हात तापवलं, आणि हा बहिणीचा मान राखत बसला होता. असला मान चुलीत घाल म्हटलं त्याला.

रुचिता आणि साईनाथ चहा घेऊन परत आले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. साईनाथ डोक्याला हात लावून म्हणाला, "म्हणजे इतके महिने तुझ्या देवापायी..."

मी त्याला तिथेच थांबवलं. "देवापायी नाही, मशीनपायी. नाथाबाबांनी घास ठरवला तो त्यांच्या भोकांच्या मापाने. तू भोकं दामदुप्पट केलीस, देवाचा घास घागरीएवढा झाला, हे घरात कुणाला विचारलंस? मशीन आणलंस त्या दिवशी पेढे वाटलेस, पण मामाला बाजूला बसवून विचारलंस का, की याने काय बदलेल?"

 रुचिता टॅबवर काहीतरी टिपत होती. तिने हळूच विचारलं, की भोक रिकामं राहिल्याचं कारण काय लिहू.

"लिही, पंगतीला पाहुणा होता," मी म्हटलं.

ती हसली. पण मग लगेच कामाचं बोलली. मधलं भोक भरून एकदा सुरुंग लावून बघायला हवा, तरच खात्रीने म्हणता येईल की दारूही बरोबर आणि भरणारा हातही बरोबर. शनिवारी लावू म्हणाली. सोमवारच्या आत.

तर शनिवारी महिपतने सगळी भोकं भरली आणि मधल्या भोकापाशी येऊन उभा राहिला. दारूची पिशवी हातात, पण हात पुढे जाईना. म्हणाला, हे मी नाही भरणार, ठेकेदाराला भरू दे. साईनाथ चिडला. रुचिता घड्याळ बघायला लागली. मला वाटलं, हा माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय आणि तो धोंडासुद्धा माझ्याच खदाणीतला.

मी त्याला बाजूला केलं नाही, कारण दारूला हात लावायचा परवाना त्याचा, माझा नाही, आणि कायदा मलाही कळतो. मी पंढरीला सांगितलं, कोपऱ्यातलं जुनं हातमशीन काढ. जिथे रांग संपते तिथून बरंच पलीकडे, जिकडे आम्ही दगड काढत नाही, त्या कड्यावर एक लहान भोक पाडायला लावलं. नाथाबाबांच्या मापाचं, मनगटाएवढं. त्यात तांदूळ टाकले, हळद-कुंकू टाकलं, खोबऱ्याचा तुकडा टाकला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात डोंगराला म्हटलं, "तुझा वाटा बुडवत नाही, जागा बदलते. आम्ही शेतं सोडून कोपरला सातव्या माळ्यावर राहायला गेलो. तूही चार हात सरकून बस. आणि राग आला तर माझ्याशी भांड, याच्याशी नको. हा परक्या गावचा आहे."

महिपत ऐकत होता. मी त्याच्याकडे वळून बघितलं तेव्हा त्याने पिशवी भोकात सोडायला घेतली होती.

भोंगा वाजला. बार उडाला. धूळ खाली बसेपर्यंत मी शेडच्या पत्र्याला धरून उभी होते. मग साईनाथ आधी पुढे गेला, महिपतने त्याला हटकून मागे बोलावलं, स्वतः फिरून आला, आणि मग सगळे गेलो. मधोमध कुठेही म्हैस नव्हती. टोपलीत मावतील असे दगड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रुचिताने चेंडू ठेवून फोटो काढला. टॅबवर हिरवाच हिरवा. क्रशरवाल्याने न सांगता पट्टा सुरू केला.

आता मला जे हवं होतं ते दगड नव्हेत. साईनाथ ज्या गड्यांसमोर मामाला बोलला होता, ते सगळे गडी तिथेच उभे होते. मी मुलाकडे बघितलं. तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. मी बघतच राहिले. माझी नजर त्याला लहानपणापासून कळते.

तो महिपतजवळ गेला. म्हणाला, "मामा, ठेकेदाराला फोन करतो, येऊ नको म्हणून. सोमवारच्या रांगेचं तेवढं बघून घ्या."

"हो," महिपत म्हणाला.

संपलं. साईनाथ डंपरकडे निघून गेला. चुकलं नाही, माफ कर नाही, पाय शिवणं तर दूरच. गडी पांगले. रुचिता पेटी बंद करून माझा निरोप घ्यायला आली, तिच्याशीही मी नीट बोलू शकले नाही.

मी महिपतला म्हटलं, एवढंच? एवढ्यावर तुझं झालं? सगळ्यांच्या देखत तुला नालायक ठरवलं, आणि आता सोमवारचं तेवढं बघून घ्या?

तो करगोट्याची किल्ली चाचपत कोठाराकडे निघाला होता. थांबला. तोंडावर धूळ बसलेली, त्यातून दात दिसत होते.

"बघून घ्या म्हणाला ना, बाय," तो म्हणाला. "घ्या म्हणाला. इतके दिवस घे म्हणायचा."

आणि गेला, खूश होऊन. आमची माहेरची माणसं अशीच, दुसऱ्याने टाकलेल्या अर्ध्या भाकरीवर ढेकर देणारी. माझं मात्र पोट अजून भरलेलं नाही. साईनाथ रात्री जेवायला बसेल तेव्हा त्याच्या ताटात आधी मी माझे चार तिखट शब्द वाढणार आहे, आणि मग सुकटीची चटणी.